तिसऱ्या हातातलं घड्याळ

आधी तारीख बघा. रोलेक्सच्या सबमरीनरची किंवा डेटजस्टची नक्कल सगळ्यात आधी फसते ती तारखेवरच्या इवल्याशा भिंगात. अस्सल घड्याळात ते भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं, आकडा खिडकी भरून बसतो. स्वस्त नकलेत तोच आकडा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. मग बेझलवरच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावरच्या, त्रिकोणातला उजळ ठिपका बघायचा: मधोमध आहे की केसभर सरकलाय, काठाच्या वर डोकावतोय की आत बुडालाय. मग घड्याळ डोळ्यांसमोर आडवं धरून तिन्ही काट्यांमधलं अंतर बघायचं. शेवटी डायलवरची छपाई. दहापट भिंगाखाली चांगल्या छपाईची शाई किंचित उठून दिसते, अक्षरांच्या कडा स्वच्छ तुटलेल्या असतात. वाईट छपाईत अक्षरांना मिशा फुटतात.

ही नजर मला अस्सल घड्याळांनी दिलेली नाही, नकलांनी दिली. अस्सल घड्याळ हातात आलं की माणूस त्यावरचं नाव वाचतो आणि खूश होतो. नकली हातात आलं की तो चूक शोधायला लागतो, आणि चूक शोधायची तर मूळ कसं असतं ते पाठ असावं लागतं. माझ्या ओळखीत अस्सल घड्याळं वापरणारी काही माणसं आहेत. आपल्या मनगटावरच्या घड्याळात सेकंदाला किती ठोके पडतात हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. ठाऊक असायला हवं असंही नाही म्हणा.

मी नकली मनगटी घड्याळं जमवते, उघडते, त्यांत फेरफार करते आणि माझ्यासारख्याच नादिष्ट लोकांशी त्यांची देवाणघेवाण करते. हे सांगितलं की समोरच्यांचे दोन प्रकार पडतात. एक विचारतो, "कुठे मिळतं?" दुसरा विचारतो, "लाज नाही वाटत?" पहिल्याला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही.

नकलेचा धंदा घड्याळाइतकाच जुना. थॉमस टॉम्पियन हा लंडनचा सतराव्या शतकातला मोठा घड्याळजी, १७१३ मध्ये वारला. त्याची एक गोष्ट सांगतात. एक गिऱ्हाईक त्याच्या नावाचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलं. त्याने ते निरखलं, हातोडी उचलून त्याचा चुरा केला आणि स्वतः बनवलेलं एक घड्याळ त्या माणसाच्या हातात ठेवलं: हे घ्या, हे माझं. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्याच्या नावाची खोटी घड्याळं तेव्हा फिरत होती एवढं नक्की. पुढच्या शतकात तर लंडनच्या घड्याळजींची नावं कोरलेली, पण लंडन कधीच न पाहिलेली घड्याळं युरोपभर विकली गेली. काही नावं खऱ्या कारागिरांची, काही 'विल्टर, लंडन' यासारखी साफ बनावट. आणि ही घड्याळं बनायची कुठे, तर बरीचशी जिनिव्हा आणि आसपासच्या भागात. आज नकलांच्या नावाने सगळ्यात मोठा शंख करतो तो हाच प्रदेश. काळाचा विनोद असा मधूनमधून भेटतो.

पॅरिसचा घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे याने यावर एक नाजूक उपाय काढला. १७९५ च्या सुमारास तो डायलवर गुप्त सही करायला लागला. पँटोग्राफ या आकृती लहान करून उतरवणाऱ्या उपकरणाने कोरलेली ही बारीक सही सरळ बघितली तर दिसत नाही. घड्याळ उजेडात तिरपं केलं की बाराच्या आकड्याखाली उगवते. तेव्हापासूनचा सगळा इतिहास याच चढाओढीचा आहे. रोलेक्सने काचेत सहाच्या आकड्याजवळ नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा मुकुट लेझरने कोरला, डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर स्वतःचं नाव गोल गोल लिहिलं. दोन्हींची नक्कल झाली. वर सांगितलेल्या तारखेच्या भिंगाचंही तेच. ती युक्ती मी तुम्हाला शिकवली खरी, पण आजच्या चांगल्या नकलेपुढे तिचा उपयोग नाही. आकडा आता तिथेही खिडकी भरून बसतो. अस्सल रोलेक्सच्या ३१३५ या यंत्राच्या नकला तर मुळाच्या इतक्या जवळ गेल्या आहेत की काही अस्सल सुटे भाग त्यांत बसतात. म्हणजे झाकण उघडूनही एका नजरेत निकाल लागत नाही. डोळ्यावर विसंबायचे दिवस संपत आले आहेत.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी, नाहीतर सगळाच घोळ होतो. यंत्राची नक्कल आणि नावाची नक्कल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ईटीए या कंपनीचं २८२४-२ हे स्वित्झर्लंडचं एक कामसू स्वयंचलित यंत्र आहे: २५ ज्वेल (झीज रोखणारे खडे), तासाला २८,८०० ठोके, जाडी ४.६ मिलिमीटर. त्याच्या रचनेवर कुणाचा मक्ता उरलेला नाही. सेलिता ही स्विस कंपनी एसडब्ल्यू २०० या नावाने जवळजवळ तेच यंत्र बनवते, एक ज्वेल जास्त घालून, आणि ते उजळ माथ्याने नामांकित घड्याळांत बसतं. चीनमध्येही त्याच्या आवृत्त्या निघतात. यात लपवण्यासारखं काही नाही. रूपाचंही थोडंफार तसंच. १९५३ मध्ये ब्लाँपांचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरीनर ही पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीची दोन घड्याळं आगेमागे आली: काळी डायल, फिरतं बेझल, अंधारात चमकणारे जाड ठिपके. त्यानंतरचं प्रत्येक डायव्हिंग घड्याळ या ना त्या अंगाने त्यांचं ऋणी आहे. तेच रूप घेऊन वर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या कंपन्या ढिगाने आहेत आणि त्यांना कुणी चोर म्हणत नाही. चोरी सुरू होते ती डायलवरच्या त्या दोन ओळींत. शाईचा तो एवढासा थर सोडला तर बाकीचं घड्याळ निर्दोष.

पण मला त्या शाईसकटच घड्याळ आवडतं, हेही खरं. नाहीतर मी सरळ बिननावाची घड्याळं घेतली असती.

फेरफाराची चटक हळूहळू लागते. आधी पट्टा बदलतो माणूस, मग बेझलची चकती, मग काटे. काट्यांपाशी खरी परीक्षा. २८२४ च्या तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९०, सेकंदकाट्याचं ०.२५. सीकोच्या एनएच ३५ या यंत्रावर पहिले दोन तेवढेच, पण सेकंदकाटा ०.२० चा. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे पाच भाग, आणि तेवढ्यावर सगळं अडतं: ईटीएचा काटा सीकोवर सैल पडतो, सीकोचा ईटीएवर बसतच नाही. काटे बसवायच्या आधी चावी पुढे फिरवत न्यायची, तारीख टक्‌कन पालटली की तिथेच थांबायचं आणि दोन्ही काटे बारावर बसवायचे. असं केलं नाही तर तारीख भलत्याच वेळी, भर दुपारीसुद्धा पालटेल. काटा दाबताना हात किंचित तिरका गेला तर तो खालच्या काट्याला घासतो आणि घड्याळ ठराविक वेळी थांबतं. असलं कोडं सोडवताना जी मजा येते ती कुठल्याही तयार घड्याळात नाही.

चावीचा दांडा काढण्याबद्दल नवख्यांना मी एवढंच सांगते, घाई नको. चावीची गुंडी कुठल्या जागी खेचलेली असताना कळ दाबायची आणि किती हलक्या हाताने, यात गफलत झाली की आतली जोडणी सुटते. मग काटे उतरवा, डायल उतरवा, मूळपासून सुरुवात. आणि धूळ. सगळं चकचकीत पुसून, रबरी फुग्याने हवा मारून, झाकण घट्ट लावून घड्याळ सुलटं केलं की काळ्या डायलवर बरोबर मधोमध एक पांढरा कण बसलेला असतो. तो कुठून येतो हे अजून कुणाला कळलेलं नाही.

फेरफारातला माझा लाडका प्रांत जुन्या घड्याळांचा. रोलेक्सचं ५५१३ हे बिनतारखेचं सबमरीनर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होतं. त्याची चांगली नक्कल विकत मिळत नाही, घडवावी लागते. तयार केस (घड्याळाचं धातूचं कवच) फार जाड आणि धारदार असते. गुंडीच्या दोन्ही बाजूंचे खांदे कानशीने घासून निमुळते करावे लागतात, कडांना तिरका उतार द्यावा लागतो. सपाट नीलमणी काच काढून तिथे ट्रॉपिक १९ या जातीची प्लास्टिकची घुमटी काच बसवायची. तिच्या काठाशी डायल किंचित वाकडी दिसते, आणि ती तशी दिसली पाहिजे. मूळ यंत्र तासाला १९,८०० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला साडेपाच. नव्या यंत्राचे आठ ठोके पडतात, त्यामुळे काटा फार गुळगुळीत धावतो आणि जाणकाराला लांबूनच खटकतो. म्हणून हौशी लोक ईटीएचं जुनं २८४६ हुडकतात, ते २१,६०० चं. सेकंदाला सहा. अर्ध्या ठोक्याचा फरक उरतो, तेवढा पत्करायचा.

मग येतं वय. जुन्या डायलवरचे चमकणारे ठिपके ट्रिटियमचे असत. ट्रिटियमचं अर्धआयुष्य साधारण सव्वाबारा वर्षांचं, त्यामुळे त्या ठिपक्यांची चमक केव्हाच गेली, आणि पांढरा रंग उतरून साय धरल्यासारखा पिवळसर झाला. आजच्या चमकत्या पावडरीत रंग कालवून ती छटा आणतात. बेझलची काळी अ‍ॅल्युमिनियमची चकती ब्लीचच्या पाण्यात ठेवून राखाडी करतात. कडांवर पोचे, काचेवर ओरखडे, ब्रेसलेटचे सांधे मुद्दाम ढिले. हे काम मी केलेलं आहे, आणि त्यात हात चांगला बसलाय असं लोक म्हणतात. पण दुसऱ्या कुठल्याही फेरफारात वाटत नाही ती टोचणी मला इथे वाटते. रूपाची नक्कल केली तर एका कंपनीचं रूप घेतलं. वयाची नक्कल केली तर कुणाच्या तरी वापरलेल्या तीस-चाळीस वर्षांची बतावणी झाली. त्या पोच्यांमागे ना कुणाचा कोपर आहे, ना कुणाचा समुद्र.

याउलट ट्युडर. रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ याने रोलेक्सच्या जोडीला ट्युडर उभं केलं, त्याची स्वतंत्र कंपनी १९४६ मधली. कल्पना अशी की रोलेक्सच्या तोलाची केस द्यायची आणि आत बाहेरून विकत घेतलेलं यंत्र बसवून किंमत खाली आणायची. ७९०९० या ट्युडर सबमरीनरमध्ये यंत्र होतं ईटीए २८२४-२. म्हणजे त्याच्या नकलेत मी स्विस २८२४-२ बसवलं, तेल-पाणी करून नीट जुळवलं, तर आतला जीव मुळातल्यासारखाच. यंत्र खरं, काम खरं, वेळ खरी, आणि वर नाव खोटं. माझ्याकडच्या सगळ्या घड्याळांत हेच मला सगळ्यात जास्त आवडतं आणि याच्याचबद्दल सगळ्यात कमी खात्रीने बोलता येतं.

टाइमग्राफर हे या छंदातलं एकमेव तटस्थ यंत्र. घड्याळ त्याच्या मायक्रोफोनवर ठेवलं की ते ठोके ऐकतं आणि तीन आकडे सांगतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स व्हीलचा, म्हणजे आतल्या मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, झोका किती अंशांचा, आणि टिक नि टॉक यांच्यात किती मिलिसेकंदांची तफावत. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी यंत्राचा झोका पावणेतीनशे अंशांच्या आसपास असतो. दोनशेच्या खाली गेला की तेल वाळलंय समजावं. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळवायला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्या पट्ट्यात बसावं लागतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. पावणेनऊ सेकंद चुकलं तरी ती दहा हजारात एकच चूक. नीट जुळवलेलं नकली घड्याळ त्या पट्ट्यात बसू शकतं. तिथे यंत्राला नाव कळत नाही. अर्थात १९६९ च्या नाताळात सीकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झचं अ‍ॅस्ट्रॉन आणलं तेव्हाच अचूकतेचा वाद निकालात निघाला. आज साध्यातलं साधं बॅटरीचं घड्याळ या सगळ्यांना मागे टाकतं, त्यामुळे अचूकतेचा तोरा कुणीच मिरवू नये, अस्सलवाल्यांनीही नाही.

आता देवाणघेवाण. बाहेरच्यांना वाटतं की खोट्या मालाच्या बाजारात खोटं बोलणंच चालत असणार. आमच्या छोट्या वर्तुळात तरी उलटं आहे. अस्सल घड्याळ विकणारा कागदपत्रं पुढे करतो आणि गप्प बसतो. आमच्याकडे कागदच नाहीत, म्हणून तोंडानेच सगळं सांगावं लागतं: केस कुठली, डायल कुठली, काटे मूळचे की नंतरचे, यंत्र स्विस की चिनी, शेवटचं तेल कधी, पाण्याची चाचणी केली का, केली तर किती दाबाला. सोबत टाइमग्राफरचा फोटो, त्यात त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. एकाने मला एकदा घड्याळ पाठवण्याआधी निरोप धाडला होता, "ताई, हाताने चावी दिली की रोटरपण गरगरतो. रिव्हर्सर व्हील धुवायला आलीत. आधी सांगतो, मग ठरवा." रोटर म्हणजे आपोआप चावी देणारं फिरतं वजन, रिव्हर्सर व्हील त्याला जोडलेली चाकं. दोष सांगितला नसता तरी मला पुढे कळलाच असता, पण त्याने सांगितला, आणि तेव्हापासून त्याच्याकडचं मी डोळे मिटून घेते. यंत्र अस्सल स्विस म्हणून सांगितलं आणि उघडल्यावर नक्कल निघाली, तर त्या माणसाशी पुढे कुणी व्यवहार करत नाही. खोट्या घड्याळात खोटं यंत्र निघालं म्हणून आम्ही चिडतो! हे ऐकून माझी बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मला त्यात विसंगती वाटत नाही. वस्तू काय आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच माहीत असेल, तर त्या क्षणी तिथे खोटं असं काही नसतं.

खोटेपणा वस्तूत असतो की तिच्याबरोबर सांगितलेल्या हकिगतीत, हा प्रश्न आमच्यासारख्या भुरट्यांपुरता नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचं एक ओमेगा स्पीडमास्टर, क्रमांक २९१५-१, एकतीस लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. घेतलं ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे, बहुतांशी अस्सल ओमेगा भाग एकत्र करून जुळवलेलं आहे आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. अशा जुळवलेल्या घड्याळाला आमच्यात फ्रँकन म्हणतात. माझ्या टेबलावर रोज जे होतं तेच त्यात झालेलं: एकाची केस, दुसऱ्याचं यंत्र, तिसऱ्याची डायल. भागांच्या बाबतीत तर ते माझ्या कुठल्याही घड्याळापेक्षा कितीतरी अस्सल. तरी ते खोटं, कारण ते जसं सांगितलं गेलं तसं नव्हतं.

याच्या दुसऱ्या टोकाला हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. क्रमांक ६२३९. तशीच डायल असलेली दुसरी ६२३९ जगात आहेत आणि तीही महाग आहेत, पण त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. मागच्या झाकणावर त्याच्या पत्नीने, जोन वुडवर्डने, 'ड्राइव्ह केअरफुली मी' असं कोरून घेतलं होतं. मोटारींच्या शर्यतींचा नाद असलेल्या नवऱ्याला बायकोने दिलेली ताकीद. पैसे मोजले गेले ते पोलादासाठी नाहीत, त्या तीन शब्दांसाठी आणि ते ज्या मनगटाला टेकले त्या मनगटासाठी. हकीगत खरी असेल तर तिची किंमत यंत्राच्या हजारो पट होते. म्हणजे खोटी हकीगत किती महाग पडू शकते ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मला स्वतःच्या छंदात भीती वाटते ती पहिल्या किंवा दुसऱ्या हाताची नाही, तिसऱ्याची. मी घडवलेलं घड्याळ मी दुसऱ्याला दिलं. त्याला सगळं माहीत आहे. त्याने ते पुढे कुणाला दिलं, अर्धं सांगितलं. त्याच्या पुढच्याला कुणीच काही सांगितलं नाही. घड्याळ तेच, एक स्क्रूही बदललेला नाही, पण वाटेत कुठेतरी ते फसवणूक झालं. आणि मी हात जितका चांगला चालवला असेल तितकी ती फसवणूक पक्की. एखादा माणूस साठवलेले पैसे माझ्या कानशीने घासलेल्या खांद्यांवर आणि माझ्या कालवलेल्या पिवळ्या रंगावर उधळेल, हा विचार मला खरोखर झोपू देत नाही. बेढब नक्कल या बाबतीत निरुपद्रवी. ती कुणाला गंडवूच शकत नाही.

कायद्याचं मी थोडक्यात उरकते, कारण तिथे वादाला जागा नाही. दुसऱ्याच्या नावाची घड्याळं बनवणं आणि विकणं हा जवळपास सगळीकडे गुन्हा आहे. फ्रान्स, इटलीसारख्या देशांत विकत घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, सीमेवर सापडलेला माल जप्त होऊन नष्ट होतो. "मी फक्त छंद म्हणून" हे कस्टम्सच्या टेबलापाशी कुणी ऐकून घेत नाही, आणि का घ्यावं? शिवाय ही घड्याळं कुणी, कुठल्या खोलीत, किती मजुरीवर जोडली हे कळायला काहीच मार्ग नसतो. अस्सल घड्याळाच्या झाकणामागे कंपनीचा चेहरा तरी असतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येतं. नकलेमागे कुणीही नाही. याचा विचार मी टाळते असं नाही, पण तो मनात घोळवत ठेवूनही मी पुढची केस उघडतेच, हे लपवण्यातही अर्थ नाही.

तिसऱ्या हातावर मी काढलेला तोडगा जुन्या घड्याळजींकडून उचललेला आहे. सर्व्हिसिंग केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख कोरायची त्यांची रीत. जुनं घड्याळ उघडलं की दोन-तीन पिढ्यांच्या अशा खुणा एकाखाली एक सापडतात, कुणाची लफ्फेदार, कुणाची नुसती दोन अक्षरं. मी माझ्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आतून 'नक्कल' असं कोरते आणि खाली यंत्र कुठलं ते. बाहेरून काही दिसत नाही. ज्याला खरंच विकत घ्यायचंय त्याने झाकण उघडून बघावं एवढीच अपेक्षा. नवी पूर्ण घड्याळं मी आता देतही नाही, सुटे भाग देते. एकदा एका सज्जनांना माझं ५५१३ फार आवडलं. बदल्यात ते देत होते ते यंत्र मला बरेच दिवस हवं होतं. फक्त झाकण तेवढं कोरं बसवून द्या म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घड्याळ दिलं नाही. त्याच आठवड्यात डायल काढून बाजूला ठेवली आणि त्या केसमध्ये बिननावाची काळी डायल बसवली. दिसतं सुरेख. लक्ष मात्र पूर्वीइतकं त्याच्याकडे जात नाही, हेही नमूद करते.

अर्थात झाकणावरची खूण हा काही बंदोबस्त नव्हे. झाकण बदलायला पाच मिनिटं लागतात. आणि तिसरा हात दर वेळी लबाडाचाच असतो असंही नाही. बऱ्याचदा तो वारसाचा असतो. संग्राहक जातो, मागे एक डबा राहतो. घरच्यांना त्यातलं काही कळत नसतं. त्यांना वाटतं लाखोंचा ऐवज सापडला, आणि ते सरळ मनाने तो विकायला काढतात. म्हणून मी डब्यात एक यादी ठेवली आहे. प्रत्येक घड्याळापुढे काय खरं, काय खोटं, काय बदललेलं. माझ्या भाचीला ती दाखवली, कारण हा डबा पुढेमागे तिच्याच गळ्यात पडणार.

तिने यादी नीट वाचली, मग डब्यातून ट्युडर उचललं. तिला नवीन नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं.

"मावशी, हे मी घालून जाऊ?"

मी म्हटलं, ते बिननावाचं घे ना, ते जास्त चांगलं चालतं. दिवसाला दोनच सेकंद पुढे.

"पण मला हेच आवडलंय. आणि मी कुठे ते विकणार आहे? कुणी विचारलं तर सांगेन नकली आहे म्हणून."

"कुणी विचारत नाही गं."

"मग झालं तर," ती म्हणाली.

मी ते घड्याळ तिच्या हातातून काढून घेतलं, बेझल थोडं सैल वाटतंय म्हणाले. बेझल सैल नव्हतं. तिची मुलाखत पुढच्या सोमवारी आहे आणि काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.